प्लास्टिक वितळतं, डिस्क तुटतात: रोटरी टूलला कापायला नेमकं काय लावावं?

प्रश्न विचारणाऱ्या मित्राची अडचण थोडक्यात अशी. नवं रोटरी टूल (छोट्या डिस्क आणि बिट वेगानं फिरवणारं हातातलं यंत्र) घेतलं, सोबत दीडशे नगांची पेटी आली. ३ मिमी जाड एबीएस प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणात १६×२ (सोळा अक्षरं, दोन ओळी) डिस्प्लेची खिडकी पाडायची आहे, दीड मिमीच्या अॅल्युमिनियम पत्र्यात सॉकेटची जागा करायची आहे आणि एम-६ (६ मिमी जाड) आट्यांच्या रॉडचे चार तुकडे हवे आहेत. प्लास्टिक वितळून कापाच्या मागे पुन्हा जुळतं. अॅल्युमिनियमवर डिस्क काही सेकंदांत चकचकीत होते आणि कापायचं सोडते. रॉडवर तर पातळ तपकिरी डिस्क एकामागून एक तुटल्या. म्हणून त्यांनी विचारलंय, "प्लास्टिक आणि धातू दोन्हीला चालेल अशी एकच चांगली डिस्क सांगा."

अशी डिस्क नसते. हे आधीच सांगतो, म्हणजे ती शोधण्यात पैसे जाणार नाहीत. पण तुमच्या तिन्ही तक्रारींत माल आणि डिस्क यांची जोडणी चुकली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बावीस वर्षं कंट्रोल पॅनेल आणि छोट्या उपकरणांचे डबे बनवतोय. आमच्याकडे एकेका नगाचीच कामं जास्त येतात. पाच डब्यांसाठी कुणी डाय (साचा) बनवत नाही, त्यामुळे हे छोटं टूल रोज हातात असतं.

खरा प्रश्न "कुठली डिस्क" हा नाही. कापताना जी उष्णता तयार होते ती कुठे जाते, हा आहे.

कापायच्या दोन तऱ्हा आहेत. करवतीला, ड्रिलला, 'बर'ला (टूलवर लावायचा दातेरी डोक्याचा छोटा कटर) दात असतात. दात मालाचा तुकडा उचलतो, किस बाहेर टाकतो आणि त्या किसाबरोबर बरीचशी उष्णताही निघून जाते. तुमच्या तपकिरी डिस्कला दात नाहीत. तिच्यात कुरुंदाचे बारीक कण चिकटवलेले आहेत. प्रत्येक कण थोडंसं खरवडतो आणि बरंच घासतो. घासलं की तापतं. लोखंडाला ते सोसतं, कारण लोखंड उष्णता आत ओढून घेतं आणि मऊ व्हायला त्याला कित्येक शे डिग्री लागतात. एबीएस साधारण १०५ डिग्रीलाच मऊ पडायला लागतं, म्हणजे चहा उकळतो त्याच्या जेमतेम पुढे. अॅक्रिलिकचंही तेच. पीव्हीसी तर ८० च्या आसपासच ढिलं पडतं. आणि प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही. अॅल्युमिनियम एबीएसच्या साधारण हजारपट वेगानं उष्णता पसरवतं. प्लास्टिकमध्ये जिथे घासलं तिथेच ती साचते. डिस्कच्या दोन्ही बाजूंना लगदा होतो, डिस्क पुढे सरकली की तो मागे थंड होऊन पुन्हा घट्ट बसतो. तुम्ही कापत नव्हता, एक प्रकारे वेल्डिंग करत होता. यात तुमच्या हाताची चूक नाही, जोडणी चुकली.

म्हणून माझा रोजचा नियम असा: प्लास्टिकला दात आणि कमी वेग, लोखंडाला कण आणि जास्त वेग, अॅल्युमिनियमला दात आणि सोबत मेण.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगितलं पाहिजे. तुमच्या टूलचा वेग कमी-जास्त करता येतो का? येत नसेल, एकाच २५–३० हजार आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) चालत असेल, तर प्लास्टिकसाठी ते हातात न घेतलेलं बरं. त्याची ताकद किती? ही टूल्स साधारण १३० ते १७५ वॅटची असतात, चार इंची ग्राइंडर ६०० वॅटच्या पुढचा असतो. दोघांकडून एकच अपेक्षा ठेवता येत नाही. आणि काम किती आहे? एक खिडकी आणि पन्नास खिडक्या यांचं उत्तर वेगळं. पन्नास असतील तर राउटर मशीनवाल्याकडे (फिरत्या बिटनं आखणीप्रमाणे कापणारं मशीन) किंवा लेझरवाल्याकडे जा. मात्र लेझरला एबीएस धूर करतं आणि काळं पडतं. पीव्हीसी तर लेझरवर चढवूच नये, जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो माणसाच्या छातीलाही वाईट आणि मशीनलाही.

तर आधी प्लास्टिक.

पेटीत बारीक दातांच्या चार-पाच स्टीलच्या चकत्या असतील, साधारण २२ मिमी व्यासाच्या, मधे भोक, कडेला करवतीसारखे दात. एबीएसला सरळ रेषेत कापायला त्याच घ्या. वेग ८ ते १० हजार, त्याहून जास्त नको. दाबू नका. दात स्वतः आत जातो. एका दमात ३ मिमी पार करायचं नाही. आधी अर्धा मिमीची खाच पूर्ण रेषेवर मारा, मग तीच पुन्हा खोल करा. तीन-चार फेऱ्यांत आरपार. प्रत्येक फेरीनंतर चार-पाच सेकंद थांबा. तेवढ्यात प्लास्टिक थंड होतं.

तुम्ही कापताय की वितळवताय हे ओळखायला डिस्ककडे पाहू नका, किस बघा. कोरडी पूड किंवा छोट्या पापड्या उडत असतील तर कापताय. केसासारखे धागे येऊन दातांभोवती गुंडाळायला लागले तर वितळवताय. लगेच थांबा, वेग उतरवा. एबीएस जळायला लागलं की गोडसर तिखट वास येतो, तो आला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. दातांवर लगदा चढला असेल तर टूल बंद करून, प्लग काढून, पितळी ब्रशनं साफ करा. चढलेल्या चकतीला दात उरत नाहीत, ती नुसती घासत राहते.

खिडकीचं काम मी कसं करतो ते सांगतो. झाकणावर मास्किंग टेप लावतो, आखणी टेपवर. पेन्सिलची रेघ काळ्या एबीएसवर दिसत नाही, टेपवर दिसते, आणि टूल घसरलं तर ओरखडा टेपवर जातो. डिस्प्लेची पट्टी ८० × ३६ मिमी असते, पण खिडकी त्या मापाची नसते, धातूच्या चौकटीच्या मापाची असते. ती कॅलिपरनं मोजून घ्या, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या चौकटीत मिमीभर फरक पडतो. मग चारही कोपऱ्यांत, रेषेच्या आत, ३ मिमीची भोकं हाताच्या ड्रिलनं. आता चकती रेषेवर नाही, रेषेच्या १ मिमी आत चालवायची. उरलेला मिमी चपट्या कानशीनं काढायचा. सरळ कड कानस देते, हातातलं टूल देत नाही. बावीस वर्षांनंतरही मी रोटरी टूलनं थेट रेषेवर कापत नाही.

गोल चकतीची एक अडचण नवशिक्यांना खूप त्रास देते. चकती आत घुसते ती कमानीसारखी. २४ मिमीच्या डिस्कनं ३ मिमी जाडी नुकती पार झाली, की वरच्या बाजूला चीर जवळपास १६ मिमी लांब झालेली असते आणि खालच्या बाजूला नुसता ठिपका. म्हणजे खालचा कोपरा पूर्ण कापायचा तर वरची चीर कोपऱ्याच्या ८ मिमी पुढे जाणार. समोरून कापलं तर ते आठ मिमी आयुष्यभर दिसत राहतात. म्हणून झाकण उलटं करा आणि आतल्या बाजूनं कापा. आगाऊ गेलेली चीर आत राहते, समोर कोपरा स्वच्छ. झाकणाची कड उंच असेल आणि टूल आत आडवं बसत नसेल, तर कोपऱ्याच्या ८–१० मिमी अलीकडे थांबा आणि उरलेलं हॅकसॉच्या (धातू कापायच्या हातकरवतीच्या) सुट्या पात्यानं, एका टोकाला चिंधी गुंडाळून, हातानं कापा. दहा मिनिटं जास्त जातील, झाकण वाचेल.

वळणदार कापायचं असेल तर चकती उपयोगाची नाही. तिथे ३ मिमीचा दोन किंवा एक धारेचा कार्बाइडचा (पोलादाहून कडक मालाचा) बिट घ्या, ज्याच्या खाचा मोठ्या आणि मोकळ्या असतात. बारीक जाळीदार दातांचा बर प्लास्टिकला लावू नका, खाचा क्षणात भरतात. खिडकीच्या आतल्या कडेवर बिट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत न्या. उलट नेलात तर तो कडेवर चढून पळतो. बाहेरच्या कडेवर याच्या बरोबर उलट.

अॅक्रिलिक असेल तर मी रोटरी टूल हातातच घेत नाही. सरळ कापासाठी आकड्यासारख्या (हुकासारख्या) पात्यानं पाच-सहा वेळा ओढून खोल रेघ मारायची, टेबलाच्या कडेवर ठेवून एका झटक्यात मोडायचं. हे पातं जुन्या हॅकसॉ ब्लेडला ग्राइंडरवर आकडा काढून कुणीही बनवू शकतं. पॉलिकार्बोनेट मात्र असं मोडत नाही, ते वाकतं. ते साधारण १४५–१५० डिग्रीपर्यंत टिकतं, त्यामुळे दातांच्या चकतीला बरं साथ देतं.

ड्रेमेलच्या यादीत ४७६ क्रमांकाची, खास प्लास्टिकसाठी म्हणून एक ३८ मिमीची डिस्क मिळते. या टूलला सगळीकडे सरसकट ड्रेमेल म्हणतात, पण ते मूळ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रॅसीन गावच्या १९३२ मधल्या कंपनीचं नाव. १९९३ पासून ती कंपनी बॉशकडे आहे. ती डिस्क कमी वेगावर चालते, मी वापरली आहे. पण तीही कणांचीच, त्यामुळे सावकाश हात हवाच. जाड एबीएसला मला दातांची चकतीच जास्त भरवशाची वाटते.

दातांच्या चकतीबद्दल एक सक्त सूचना. ती लोखंडाला कधीही लावू नका. हिशेब सोपा आहे. साध्या लोखंडात हायस्पीड स्टीलचा (कापायच्या हत्यारांच्या कडक पोलादाचा) दात मिनिटाला २५–३० मीटरच्या वेगानं चालावा लागतो, नाहीतर धार जळते. २२ मिमीच्या चकतीचा घेर सुमारे ६९ मिमी. तुमच्या टूलचा सगळ्यात कमी वेग ५ हजार आरपीएम धरला तरी दात मिनिटाला ३४५ मीटर पळतो. म्हणजे दहापटीहून जास्त. पहिल्या सेकंदात दात निळे पडतील, दुसऱ्यात चकती अडकून झटका देईल.

आता अॅल्युमिनियम. तुमची डिस्क चकचकीत झाली म्हणजे तिच्या कणांच्या मधल्या मोकळ्या जागा अॅल्युमिनियमनं भरल्या. अॅल्युमिनियम मऊ आणि चिकट. ते कणांवर लेपासारखं बसतं आणि मग अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियमच घासत राहतं. अशी भरलेली डिस्क जोरात दाबण्यात अर्थ नाही. ती तापते, आणि तापून फुटू शकते.

इथे दीड मिमी पत्र्याला कापायला मी आधी टूल बाजूला ठेवतो. सॉकेट गोल असेल तर स्टेप ड्रिल घ्या, पायऱ्या-पायऱ्यांचा शंकू असतो तो. हाताच्या ड्रिलला कमी वेगात लावा. पत्र्यात साध्या मोठ्या ड्रिलनं भोक त्रिकोणी होतं आणि शेवटी पत्रा हिसका मारून फिरतो, स्टेप ड्रिलनं गोल आणि स्वच्छ येतं. चौकोनी जागा असेल तर आखणीच्या आतून ओळीनं ३ मिमीची भोकं पाडा आणि मधल्या भिंती तोडायला रोटरी टूलवर कार्बाइडचा बर लावा. बर विकत घेताना "अॅल्युमिनियम कट" मागा. त्याचे दात एकेरी, मोठे आणि लांब लांब असतात. पोलादासाठीचा दुहेरी जाळीचा बर अॅल्युमिनियमनं लगेच भरतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या तोंडासारखा तो चावतच राहतो, पुढे जात नाही.

बर सुरू करायच्या आधी त्याला मेण लावा. साधी देवापुढची मेणबत्ती चालते. फिरता बर मेणबत्तीला दोन सेकंद टेकवायचा, मग पत्र्यावर. दर पंधरा-वीस सेकंदांनी पुन्हा. मेणामुळे किस दाताला चिकटत नाही. फरक तुम्हाला पहिल्याच फेरीत आवाजावरून कळेल: किंचाळणं थांबतं, खरखर सुरू होते आणि पांढरा चमकदार किस भुरभुरायला लागतो. काही जण रॉकेल लावतात. ड्रिल मशीनवर ते चालतं, पण मोटरच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या असलेल्या टूलजवळ मी रॉकेल आणत नाही.

अॅल्युमिनियमचा चुरा आणि पोलादाच्या ठिणग्या एका टेबलावर येऊ देऊ नका. दोन्हीची पूड एकत्र साचली आणि वर ठिणगी पडली तर आग भयंकर होते. आमच्याकडे अॅल्युमिनियमचं काम झालं की टेबल पुसून मगच लोखंड चढतं.

मग लोखंड. इथे तुमच्या पेटीतल्या डिस्कचा जन्म झालाय असं समजा, पण सगळ्यांचा नाही. पातळ तपकिरी डिस्क २४ मिमीच्या, पाऊण मिमीच्या आसपास जाड, आत जाळी नसलेल्या. त्या बिस्किटासारख्या असतात. सरळ ताकदीला टिकतात, पण बाजूनं जरा पिळलं की गेल्या. हातात धरलेल्या टूलनं पिळ पडतोच. यांचा उपयोग एकच, तो म्हणजे घासून गेलेल्या स्क्रूच्या डोक्यात नवी खाच पाडणं. तिथे त्या फार छान काम करतात. कापण्यासाठी काचतंतूंची जाळी घातलेली डिस्क घ्या, ३२ किंवा ३८ मिमीची. डिस्क उजेडात धरली तर जाळीची वीण दिसते. ड्रेमेलमध्ये ४२६ आणि ४५६ याच जातीतल्या. जाळीची डिस्क झिजून लहान होत जाते, सहसा फुटत नाही. तुमची तुटण्याची तक्रार इथेच संपते.

वेगाचं गणित इथे उलटं होतं. कणाला वेग हवा. २४ मिमीची डिस्क ३० हजार आरपीएमवर सेकंदाला सुमारे ३८ मीटर पळते. तीच १० हजारावर साडेबारा मीटर. एवढ्या कमी वेगावर ती खरवडत नाही, आदळते आणि लवकर झिजते. तुलनेसाठी, चार इंची ग्राइंडरची डिस्क ११ हजार आरपीएमवर सुमारे ५८ मीटर पळते. म्हणून लोखंडावर २० ते २५ हजार ठेवा. पण डिस्कवर छापलेल्या कमाल आरपीएमच्या वर कधीही नको. ३८ मिमीची डिस्क ३५ हजारावर सेकंदाला सत्तर मीटरच्या घरात जाते, आणि सगळ्या डिस्क त्यासाठी बनवलेल्या नसतात. छापच नसेल तर ती डिस्क वापरू नका, हे मी आग्रहानं सांगतो.

दाब हलका. टूलचा आवाज पडला म्हणजे मोटरचा दम तुटतोय. उचला, आवाज चढू द्या, पुन्हा टेका. ठिणग्यांचा पिसारा भरदार आणि सरळ येत असेल तर हात बरोबर आहे. स्टेनलेसवर आणखी सावकाश. ते उष्णता साध्या लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच वाहून नेतं, त्यामुळे कापाच्या कडेला निळे पट्टे पडतात आणि ती जागा पुढे गंजते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा कापताना खिडकी उघडी ठेवा, जस्ताचा धूर वाईट.

पेटीतल्या हिऱ्याच्या चकत्यांबद्दल वेगळं विचारलं नाहीत, पण पुढचा मोह तोच असतो. "हिरा सगळ्यात कठीण, मग लोखंडही कापेल" असं वाटतं. थोडा वेळ कापतोही. पण हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन खातं. कण झिजून बोथट होतात. हिऱ्याच्या चकत्या काच, टाइल आणि सर्किट बोर्डसाठी राखून ठेवा. सर्किट बोर्डमध्ये काचतंतू असतात, ते स्टीलच्या दाताची धार मिनिटात घालवतात. तिथे हिरा किंवा कार्बाइडच. आणि एन-९५ मास्क, कारण ती पूड फुफ्फुसात गेलेली परत येत नाही.

आता पकड. अर्ध्या तक्रारी इथून निघतात आणि लोक डिस्कला दोष देतात. चांगल्या कंपन्यांच्या अॅक्सेसरीजचा दांडा ३.२ मिमी असतो, स्वस्त पेट्यांत बऱ्याचदा ३ मिमी, आणि दातांच्या डॉक्टरांच्या लॅबमधले बर २.३५ मिमी. ३ मिमीचा दांडा ३.२ च्या कोलेटमध्ये (दांडा पकडणाऱ्या टूलच्या चिमट्यात) घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण थोडा तिरका बसतो. २५ हजार आरपीएमवर तो तिरकेपणा हादऱ्याच्या रूपात बाहेर येतो. हादरणारी डिस्क तुटते, हादरणारा बर कडेवर लाटा पाडतो. तपासायला सोपं आहे: सगळ्यात कमी वेगावर सुरू करून डिस्कच्या कडेकडे पाहा. कड धूसर दुहेरी दिसली तर पकड बिघडलेली आहे. योग्य मापाचा कोलेट घ्या, आणि दांडा जेवढा आत जाईल तेवढा आत घाला. बाहेर लांब राहिलेला दांडा जास्त वेगावर चाबकासारखा वाकतो.

मँड्रेलचा (डिस्क बसवायच्या दांड्याचा) छोटा स्क्रू हातानं नाही, पेचकसानं आवळा, पण डिस्क चिरडेल इतका नको. दोन्ही बाजूंना त्या कागदी चकत्या येतात, त्या फेकू नका. त्या दाब सारखा वाटतात.

सुरक्षेचं शेवटी लिहितोय, पण मनात ते पहिलं आहे. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पोरगा शिकायला होता, हुशार, हात चांगला. एका विक्रेत्याकडून आणलेल्या सुट्या पातळ डिस्क, छाप नसलेल्या. तो व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडलेली पट्टी कापत होता, मी समोरच्या टेबलावर वायरिंग करत होतो. टक् असा आवाज झाला, एवढंच. डिस्कचा चंद्रकोरीएवढा तुकडा त्याच्या गॉगलच्या डाव्या काचेत रुतून बसला होता, बरोबर बुबुळासमोर. त्यानं गॉगल काढला, तेव्हा तुकडा आत टोचलेला दिसत होता, डोळ्यापासून बोटभर अंतरावर. त्या दिवशी सकाळी त्यानं गॉगल कपाळावर चढवला होता आणि मी त्याला दोनदा खाली ओढायला लावला होता. तो गॉगल अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी मी तो त्याच्या हातात देतो.

म्हणून: चष्मा पुरत नाही, बाजू बंद असलेला गॉगल हवा. नवी डिस्क लावली की टूल अंगापासून बाजूला धरून पूर्ण वेगावर, पण छापलेल्या कमाल आरपीएमच्या आत, अर्धा मिनिट मोकळी फिरवा. फुटायची असेल तर बहुतेक तेव्हाच फुटते. चेहरा डिस्कच्या फिरण्याच्या रेषेत ठेवू नका. बाही आवळलेली, ओढणी-मफलर काढलेला, सुती हातमोजे नकोत, ते गुंडाळले जातात. जॉब (कापायची वस्तू) हातात धरून कधी कापू नका. छोटा व्हाइस घ्या आणि एबीएससाठी त्याच्या जबड्यात रबराचे तुकडे घाला, म्हणजे वळ उठत नाहीत.

खरेदीचं विचाराल तर पेटीवर पुन्हा पैसे घालू नका. दातांच्या चकत्या पेटीतल्याच वापरा. बाहेरून आणायच्या त्या चार गोष्टी: जाळीच्या दहा डिस्क, "अॅल्युमिनियम कट"चा एक कार्बाइड बर, मोठ्या खाचांचा एक ३ मिमी बिट आणि ४ ते २० मिमीचा एक स्टेप ड्रिल. यावर तुमचं सध्याचं सगळं काम निघेल. पुण्यात असाल तर बोहरी आळीत, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला दुकानदार बर हातात देऊन दाखवतात. दात एकेरी की जाळीदार ते स्वतःच्या डोळ्यानं बघून घ्या. ऑनलाइन फोटोत ते नीट कळत नाही.

राहिला तुमचा एम-६ रॉड. चारच तुकडे आहेत, तर हॅकसॉ घ्या, इंचाला २४ दातांचं ब्लेड. एका तुकड्याला दोन मिनिटं लागतात. जागा अडचणीची असेल, रॉड आधीच डब्यात बसलेला असेल, तर जाळीची डिस्क. दोन्हीत एक गोष्ट करा: कापायच्या जागेच्या अलीकडे, जो तुकडा ठेवायचाय त्या बाजूला, एक नट आधीच चढवून ठेवा. कापून झालं की कड कानशीनं किंचित उतरती करा आणि रॉड थंड झाल्यावर तो नट कापलेल्या टोकाकडून फिरवत बाहेर काढा. कापताना आट्यांवर उभी राहिलेली बारीक कड तो आतून सरळ करत येतो, आणि पुढचा नट बोटानं चढतो.